जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण देवळें, घाट आणि बारवा यांच्यासाठीं राखून ठेवला आहे. तो मोटारगाडीस लावलेला पाहून कांहीं वाचक नाक मुरडतील, हें मी जाणून आहें. परंतु गेल्या दीड वर्षांत आमच्या घरीं जें घडलें त्यास दुसरा शब्द मला सांपडत नाहीं. दुरुस्ती मोडक्या छत्रीची होते, गळक्या नळाची होते. ती एकदां झाली कीं मनुष्य विसरून जातो. येथें विसरावयास कोणी तयार नाहीं. शिवाय देवळाच्या जीर्णोद्धाराचे जे दोन मार्ग, तेच ह्याही कामांत दिसून आले: एक, पाया व सांधे तपासून चिरा चिरा बसविणें, आणि दुसरा, ढासळत्या भिंतीवर तैलरंगाचा हात फिरवून वर्गणीदारांचीं नांवें कोरणें.

आमचें बिऱ्हाड नाशिकास गंगापूर रस्त्याच्या आंतल्या अंगास आहे. एका छपराखालीं आठ माणसें: थोरले बंधु, ज्यांस आम्ही सर्व दादा म्हणतों, वहिनी, आम्ही उभयतां, दादांचा मुलगा व सूनबाई, आणि त्यांचीं दोन मुलें. दादांचें वय अठ्याहत्तर. घराचा जमाखर्च मजकडे असतो. उभा जन्म मुलांच्या वह्या तपासण्यांत गेल्यामुळें चुकलेल्या आंकड्याखालीं लाल रेघ ओढण्याची माझी खोड गेलेली नाहीं.

२०२४ सालच्या गुढीपाडव्यास, पानें उठण्यापूर्वींच, पुतण्या म्हणाला, "काका, मी मर्सिडीज घेतों आहें."

मला वाटलें, पोरगा थट्टा करतो आहे. पण त्यानें आंकडा सांगितला: साडेतीन लाख. नव्या लहान मोटारीस याहून पुष्कळ अधिक पडतात हें मला ठाऊक होतें, आणि म्हणूनच माझ्या पोटांत गोळा आला. ज्या वस्तूचा मान मोठा आणि मोल अगदीं थोडें, तिचें उरलेलें मोल कोठेंतरी दडून बसलेलें असतें. थाटाच्या मोटारीचें तर हें गणित उघड आहे. गाडी जुनी झाली कीं तिची किंमत उतरते. तिच्या सुट्या भागांची उतरत नाहीं. तीस वर्षांनंतर गाडी जवळजवळ भंगाराच्या भावानें मिळते, आणि तिचा एक पंप मात्र थाटाच्या गाडीच्याच भावानें घ्यावा लागतो. हत्ती स्वस्त मिळाला म्हणून ऊंस स्वस्त होत नाहीं. संस्थानिकांच्या गाड्या टिकल्या त्या पोलादामुळें नव्हेत, तर त्यांच्यामागें माणसें नेमलेलीं होतीं म्हणून. कोल्हापुरास विजयादशमीच्या दिवशीं छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी दसरा चौकांत येते व ती पाहावयास लोक गर्दी करतात. पण त्या एका दिवसाच्या मागें वर्षभराची निगा असते, ती कोणास दिसत नाहीं. आमच्याकडे कोण माणसें होतीं? एक निवृत्त मास्तर, आणि एक वृद्ध गृहस्थ, जे कांहीं वर्षांपासून दिवसेंदिवस अबोल होत चालले होते.

मीं हें सर्व बोलून दाखविलें. सूनबाईंनीं मान हलविली. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. तेवढ्यांत पुतण्यानें गाडीचें चित्र दादांपुढें धरलें. दादांनीं कपाळावरचा चष्मा खालीं घेतला, चित्र हातभर दूर धरलें आणि म्हणाले, "एकशें चोवीस."

हा आंकडा त्या गाडीच्या पिढीचा. १९८४ च्या अखेरीस ती जगापुढें आली. तिची आकृति ब्रूनो साक्को यांच्या देखरेखीखालीं सिद्ध झाली होती, व कारखान्याच्या बोलींत तिला डब्ल्यू १२४ म्हणत. दादांस हें ठाऊक असण्याचें कारण असें कीं त्यांची सारी नोकरी पिंपरीस टेल्कोच्या कारखान्यांत, टूलरूममध्यें गेली. टेल्को आणि डाइम्लर-बेंझ ह्या दोन घराण्यांचा संबंध जुना. १९५४ सालीं त्यांनीं मिळून जमशेदपुरास मालमोटारी बांधण्यास आरंभ केला. पंधरा वर्षें चाललेल्या त्या सहकार्यांत मालमोटारींच्या तोंडावर तीन टोकांची चांदणी असे, व ती आमच्या पिढीनें घाटांत धापा टाकतांना पुष्कळ पाहिली आहे. १९९४ सालीं दोघांनीं पुन्हां भागी केली, आणि १९९५ पासून पुण्यास, टेल्कोच्याच आवारांत, ही एकशें चोवीस जोडली जाऊं लागली. दादांचा त्या कामाशीं कांहींएक संबंध नव्हता. पाळी संपवून सायकलीवर घरीं जातांना त्या नव्या गाड्या परीक्षेसाठीं बाहेर निघत त्या ते पाहत, एवढेंच. पुढें २००९ सालीं त्या कंपनीनें आपला कारखाना चाकणास नेला. दादा त्याआधींच निवृत्त होऊन नाशिकास आले होते.

"तिचें दार लागण्याचा आवाज वेगळा होता," ते मुलास म्हणाले. कित्येक महिन्यांत त्यांनीं आपण होऊन उच्चारलेलें तें पहिलें पूर्ण वाक्य असावें.

मीं एक अट घातली: पैसा पुतण्याचा, वही माझी.

गाडी पुण्यास एका दलालाकडे होती. दादा हट्टानें बरोबर आले. गाडी गडद निळी, झगझगीत, आरशासारखी. पुतण्या तेथल्या तेथें मोहून गेला. दादांनीं खिशांतून एक लोहचुंबक काढलें (शीतकपाटाच्या दारावर सूनबाई किराण्याची यादी ज्याखालीं अडकवितात तेंच), तें रुमालांत गुंडाळलें, आणि दारांच्या खालच्या कडांवरून, चाकांवरच्या कमानींवरून सावकाश फिरविलें. पत्र्यास चुंबक धरून राहतें. गंज खाऊन पडलेल्या भोंकांत लांबी भरून वर रंग दिलेला असेल तर तें सुटतें. दोन ठिकाणीं तें सुटलें. नंतर ते गुडघे टेकून बसले, जॅक लावावयाच्या जागेवरचीं झांकणें काढलीं आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनें ठोकून कान देऊं लागले. वहिनी कुंभाराकडे माठ घेतांना जसें करतात तसें. दलाल हंसत होता. मग त्यानें चावी फिरविली व इंजिन एका दमांत सुरू झालें.

"पाहा आजोबा, घड्याळ आहे घड्याळ!"

दादांनीं पुढचें झांकण उघडवून इंजिनाजवळ हात नेला. तें आम्ही येण्यापूर्वींच तापविलेलें होतें. "उद्यां सकाळीं येतों," ते म्हणाले, "तोंवर हिला हात लावूं नका." रात्र आम्ही नारायण पेठेंत मेहुण्यांकडे काढली. डिझेलचें इंजिन थंड असतांनाच खरें बोलतें. सकाळीं तें तिसऱ्या खेपेस सुरू झालें, पांढरा धूर ओकलें, आणि पांच नळकांड्यांपैकीं एक बराच वेळ मुकी राहिली. किंमत तीन लाख पांच हजारांवर आली. दलालाचें हंसणें त्या हिशेबांत धरलेलें नाहीं.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा आहे, परंतु ज्यांस हा नाद करावयाचा असेल त्यांनीं तोच आधीं वाचावा. पहिल्या धन्यानें १९९५ सालीं कर्ज काढून गाडी घेतली होती. कर्ज केव्हांच फिटलें, पण नोंदणीपत्रांतील बोजा उतरविण्याचें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं, आणि मध्यंतरीं ती बँकच दुसऱ्या बँकेंत विलीन झाली. त्या एका शिक्क्यापायीं पुतण्यानें तीन महिने पुण्याच्या खेपा घातल्या. आपल्याकडे १९८८ च्या मोटारवाहन कायद्याप्रमाणें खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षें चालते. पुढें दर पांच वर्षांनीं गाडी तपासून घेऊन ती नवी करावी लागते. आमच्या गाडीची मुदत २०२५ च्या नोव्हेंबरांत संपत होती, आणि त्याच वर्षीं ऑगस्टांत केंद्र सरकारनें वीस वर्षांवरील मोटारींची ही फी पांच हजारांची दहा हजार केली. परदेशांतून आणविलेल्या मोटारीस तीच ऐंशी हजार! गाडी पुण्यास जोडलेली म्हणून आम्ही वांचलों. महाराष्ट्र सरकारचा पर्यावरण कर निराळा. आणखी एक सावधगिरीची गोष्ट. दिल्ली व तिच्या भोंवतालच्या प्रदेशांत दहा वर्षांवरील डिझेलच्या व पंधरा वर्षांवरील पेट्रोलच्या गाड्या चालविण्यास हरित न्यायाधिकरणानें २०१५ सालीं व सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं मनाई केली. तेव्हांपासून तिकडच्या थाटाच्या गाड्या कवडीमोलानें इकडे येऊं लागल्या. त्यांतल्या कांहीं उत्तम असतात. पण ना-हरकत पत्र, येथील कर आणि नवा क्रमांक यांचा खर्च मिळविला कीं कवडीचें मोल रुपयावर जातें.

गाडी आणतांना चंदनापुरीच्या घाटांत उष्णतेचा कांटा तांबड्या रेघेस टेकला. आम्ही तास दीड तास रस्त्याच्या कडेस बसून राहिलों. मोठमोठ्या मालमोटारी जातांना भोंगा वाजवून जात; तो सहानुभूतीचा होता कीं उपहासाचा, हें कळण्यास मार्ग नव्हता.

घरीं आल्यावर पुतण्याच्या मनांत प्रथम रंग द्यावयाचा होता, पुढच्या जाळीस चकाकी आणावयाची होती. दादांनीं क्रम ठरविला. "आधीं थांबणें, मग चालणें, शेवटीं दिसणें," असें ते म्हणाले, आणि हाच क्रम अखेरपर्यंत राहिला. थांबणें म्हणजे ब्रेक. ब्रेकच्या नळ्यांतील तेल हवेंतला ओलावा हळूहळू शोषून घेतें. म्हणून गाडी चालो वा न चालो, दोन वर्षांनीं तें बदलावयाचें असतें. आमच्या गाडींतलें तेल उसाच्या काकवीसारखें झालें होतें. रबरी नळ्या बाहेरून धडधाकट व आंतून सुजून बंद झालेल्या. रबर मैलांनीं झिजत नाहीं, वर्षांनीं मरतें, हें मला त्या दिवशीं प्रथम समजलें. टायरवरही त्याची जन्मतिथि असते: कडेवर चार आंकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असलेले आमचे चारही टायर बारा वर्षांचे निघाले. वाचकांनीं आपल्या दारच्या गाडीचे आंकडे आजच पाहून घ्यावे.

मग चालणें. पाणी थंड करणाऱ्या जाळींत वर्षानुवर्षें कूपनलिकेचें जड पाणी ओतलेलें; निम्म्या नळ्या क्षारानें बुजलेल्या. घाटांतल्या तांबड्या कांट्याचें मूळ तेथें होतें. इंजिनावरच्या विजेच्या तारांचें वेष्टन वयानें व उष्णतेनें पापडासारखें झालेलें. बोट लावावें तों तुकडा पडे. मुक्या नळकांडीचा इलाज मात्र नाशिकांतच निघाला, आणि येथें आमच्या गांवाची थोडी थोरवी सांगितल्यावांचून राहवत नाहीं. सातपुरास मायकोचा कारखाना आहे. कंपनीचें नांव २००८ पासून बॉश झालें तरी आम्ही नाशिककर मायकोच म्हणतों. डिझेल इंजिनांत इंधनाचा फवारा सोडणारीं नोझलें तेथें पन्नास वर्षांहून अधिक काळ तयार होत आलीं आहेत. केसाहून बारीक फटींचें तें काम. त्यामुळें गांवांत असे पुष्कळ निवृत्त कारागीर आहेत कीं जे फवाऱ्याच्या नुसत्या आवाजावरून नोझलाची प्रकृति सांगतात. अशा एकानें पांचही नोझलें काढून यंत्रावर लावलीं. चार कुजबुजलीं, पांचवें थुंकलें. "हें," तो म्हणाला, आणि दादांनीं त्याच क्षणीं मान हलविली. दोघे एकमेकांस पूर्वीं कधीं भेटले नव्हते. पण त्या दिवशीं चहा तीन वेळां झाला.

ह्या गाडीच्या दारांचीं कुलुपें विजेनें नव्हे, हवेच्या शोषणानें लागतात: एक पंप निर्वात करतो व बारीक नळ्यांतून तो ओढ प्रत्येक दारापर्यंत पोहोंचतो. कोठें एक चीर गेली कीं सारीं दारें बंडास उभीं राहतात. ती चीर शोधण्याचें काम नातवंडांनीं केलें. लहान मुलांचे कान ह्या कामीं फार चांगले. मागचीं चाकें प्रत्येकीं पांच दांड्यांनीं धरलेलीं आहेत, आणि त्या प्रत्येक दांडीच्या टोकास रबर. १९८२ च्या लहान मर्सिडीजमध्यें ही योजना प्रथम आली. खडबडीत रस्त्यावरही गाडी नावेसारखी जाते ती हिच्यामुळें. दहा दांड्या, वीस टोकें. हिशेबाच्या वहींत एक पूर्ण पान त्यांचें आहे. सुटे भाग कांहीं कुर्ल्याच्या जुन्या बाजारांतून, कांहीं जर्मनीहून आले. त्या कंपनीनें जुन्या गाड्यांच्या निगेसाठीं १९९३ पासून एक निराळी शाखाच ठेवली आहे. पार्सलें आलीं कीं दादा ती स्वतः सोडीत, दोरी गुंडाळून ठेवीत, आणि भाग हातांत फिरवून पाहत बसत.

एका सायंकाळीं मीं घरांतल्या मंडळींस बेर्था बेंझ हिची गोष्ट सांगितली. कार्ल बेंझ यानें १८८६ सालीं तीन चाकांच्या मोटारीचें पेटंट घेतलें. पण ती कोणी विकत घेईना. १८८८ च्या ऑगस्टांत त्याची बायको दोन मुलांस घेऊन, नवऱ्यास न सांगतां, ती गाडी मानहाइमहून फोर्ट्सहाइमपर्यंत, शंभर किलोमीटरांहून अधिक, चालवीत माहेरीं गेली. वाटेंत इंधनाची नळी चोंदली ती तिनें टोपीच्या टांचणीनें मोकळी केली. उघड्या तारेस मोज्याच्या बंदाचें वेष्टन दिलें. ब्रेकचें लाकूड झिजलें तेव्हां चांभाराकडून त्यावर चामडें ठोकून घेतलें. आणि इंधन संपलें तें एका औषधाच्या दुकानांतून विकत घेतलें. जगांतील पहिली लांब पल्ल्याची मोटारचालक व पहिली वाटेवरची मेकॅनिक अशी एक गृहिणी होती, असा मीं समारोप केला.

"नवऱ्याला सांगितलं नाहीं म्हणूनच पोहोंचली," वहिनी म्हणाल्या. सगळे हंसले. त्या वाक्यांत आणखी कांहीं होतें, हें मला महिन्याभरानें कळलें.

वहिनींचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. डॉक्टरांनीं ते बदलावयास सांगून वर्ष होत आलें होतें, व त्यासाठीं चार लाखांची एक ठेव वहिनींच्या नांवें निराळी ठेवलेली होती. श्रावणांत मी बँकेंतून पुस्तक भरून आणलें आणि संवयीप्रमाणें पेन्सिल घेऊन बसलों. त्या ठेवींतून नव्वद हजार निघालेले. माझ्या मोटारीच्या वहींत त्याच आठवड्यांत जर्मनीच्या एका मोठ्या पार्सलाची रक्कम होती.

मीं पुतण्यास सर्वांदेखत विचारलें. तो खालीं पाहूं लागला. मी आयुष्यांत इतका रागावलों नसेन. शाळेंतला आवाज चढला. तेव्हां वहिनी आंतून भिंतीस धरीत धरीत बाहेर आल्या.

"भावजी, त्याला बोलूं नका. पैसे मीं दिले. गुडघे माझे आणि ठेवही माझी."

मी म्हणालों, वहिनी, हा प्रश्न मालकीचा नाहीं.

"मलाही ठाऊक आहे," त्या म्हणाल्या, आणि आवाज उतरवून पुढें बोलल्या, "तीन वर्षं हे माझ्याशीं 'हूं' आणि 'नको' एवढंच बोलत होते. आतां सकाळीं चहा घेतांना मला रबरी नळ्यांची माहिती सांगतात. मला त्यांतलं एक अक्षर कळत नाहीं. पण माझे गुडघे आणखी एक वर्ष थांबले तर काय बिघडलं?"

ह्यास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. व्याकरणांतल्या एखाद्या अपवादापुढें थबकावें तसा मी थबकलों. दादा दारांत उभे होते. त्यांनीं सारें ऐकलें होतें. ते कांहीं न बोलतां अंगणांत गेले, गाडीवर ताडपत्री ओढली, चारही बाजूंनीं दोरी आंवळली, आणि चावी आणून माझ्या वहीवर ठेवली.

"आधीं हिचे सांधे," ते म्हणाले.

पुतण्यानें आपली मोटारसायकल विकून नव्वद हजार भरले. गणपति उठल्यावर सप्टेंबरांत शस्त्रक्रिया झाली. हाडाच्या टोकांवर धातूचें आवरण व त्यांच्या मध्यें प्लॅस्टिकची एक गादी, अशी ती रचना असते. दादांनीं डॉक्टरांस ती किती वर्षें टिकेल असें विचारलें. पंधरा ते वीस, डॉक्टर म्हणाले. "म्हणजे नोंदणीइतकीं," दादा म्हणाले. डॉक्टरांस अर्थात् कांहीं समजलें नाहीं. पुढले दोन महिने त्यांनीं वहिनींचा व्यायाम मोजला. गुडघा किती अंशांत वांकतो हें टूलरूमच्या माणसाच्या काटेकोरपणानें ते रोज भिंतीवरच्या कॅलेंडरावर टिपून ठेवीत. वहिनी वैतागत, पण वांकण वाढत गेला.

गाडी मात्र दोन महिन्यांहून अधिक उभी राहिली, आणि उभ्या गाडीचा खर्च चालत्या गाडीहून कमी नसतो, हाही धडा मिळाला. बॅटरी मेली. नव्यानें बसविलेले ब्रेक गंजून धरले. गणपति गेले, पण त्यांचें वाहन आमच्या वाहनांत राहिलें होतें: हवेच्या गाळणींत उंदरानें घर केलेलें, व आणलेल्या नव्या तारांपैकीं दोन कुरतडलेल्या. दिवाळीच्या पाडव्यास वहिनी काठीवांचून अंगणांत आल्या आणि त्यांनीं स्वतः ताडपत्रीची गांठ सोडली. त्या दिवसापासून काम पुन्हां सुरू झालें. वहींत मात्र एक नवा नियम लिहिला गेला कीं मोटारीचा पैसा महिन्याला ठरलेला, आणि तो संपला कीं पाना खालीं ठेवावयाचा.

बैठकींचें काम भद्रकालींतल्या एका गादीवाल्याकडे दिलें. आंत स्प्रिंगा आणि त्यांवर काथ्यासारख्या तंतूंचे दाट थर पाहून तो खूष झाला. हल्लीं सगळीकडे नुसता फोम असतो, असें म्हणून त्यानें मजुरी थोडी कमी सांगितली. रंग अगदीं शेवटीं, आणि जेथें गंज कापून नवा पत्रा जोडला तेथेंच दिला. जुन्या व नव्या निळ्यांत ऊन पडलें म्हणजे किंचित् फरक दिसतो. पुतण्यास तो सलतो. मला आमच्या जुन्या वाड्याचे सागवानी खांब आठवतात. एका चुलत्यांनीं हौसेनें त्यांवर गुलाबी तैलरंग चढविला होता, आणि आंतून वाळवीनें ते पोखरल्याचें तुळई खचेपर्यंत कोणास कळलें नाहीं.

ऋग्वेदांत ऋभु नांवाचे तीन बंधु आहेत. जन्मानें ते मर्त्य. हातांच्या कसबानें देवांच्या पंक्तीस गेले. त्यांनीं अश्विनांसाठीं रथ घडविला, एका चमसाचे चार केले, आणि आपल्या जरठ मातापित्यांस पुन्हां तरुण केलें. हें शिकवितांना एकदां एका विद्यार्थ्यानें मला विचारलें होतें, कीं सुतारकामाच्या यादींत हें शेवटचें कसें आलें? तेव्हां मला उत्तर सुचलें नव्हतें.

असो. हिशेब द्यावयास हवा. गाडीची किंमत तीन लाख पांच हजार. २०२५ च्या मेअखेर तिच्यावर झालेला खर्च चार लाख बारा हजार. एवढ्यांत नवी लहान मोटार आली असती, हें माझें पाडव्याचें म्हणणें आंकड्यांनीं खरें ठरलें, आणि तें मीं सर्वांस वाचून दाखविलें. माझें मत विचाराल तर, ज्याच्यापाशीं गाडीच्या किंमतीएवढीच दुसरी रक्कम मोकळी नाहीं त्यानें जुन्या थाटाच्या गाडीच्या वाटेस जाऊं नये. आणि ज्याच्या घरांत ठोकून आवाज ऐकणारें माणूस नाहीं, त्यानें तर मुळींच नाहीं. गाडी नाशिकास आहे व दादा आहेत, तोंवर ती विकावयाची नाहीं असेंही घरांत ठरलें आहे. तें मत माझें नाहीं. पण बहुमतापुढें माझा इलाज नाहीं.

जूनमध्यें, पहिल्या पावसांत, आम्ही त्र्यंबकेश्वरास निघालों. वहिनी मागें, पाय लांब करून, मी त्यांच्या शेजारीं, दादा पुढें. दार लागलें तेव्हां दादांनीं पुतण्याकडे पाहिलें. आवाज वेगळा आहे खरा; जड पुस्तक मिटावें तसा. अंजनेरीजवळ सर आली. ह्या गाडीच्या कांचेस पाणी पुसणारा हात एकच आहे; पण तो मधूनच लांब होऊन दोन्ही कोपरे गांठतो व पुन्हां आंखडतो, आणि नातवंडांस त्याची फार गंमत वाटते. तो चालूं झाला आणि प्रत्येक फेऱ्यास बारीक कुरकुरूं लागला.

"ग्रीस," दादा म्हणाले. "आंतल्या दातऱ्यांना लावायचं राहिलं. बाजूला घे."

"दर्शन झाल्यावर," मागून वहिनी म्हणाल्या.

दादांनीं थोडा वेळ विचार केला. मग खिशांतून रुमाल काढून कांचेवरची वाफ पुसली, आणि त्र्यंबकाची वेस येईपर्यंत त्या हाताची रचना कशी असते तें ते वहिनींस समजावून सांगत राहिले.